पॉल रोबसन : मैदानावरची कीर्ती आणि वक्तव्याची शिक्षा

एडिसनहून रॅरिटन नदी ओलांडली की न्यू ब्रन्सविक लागते. तेथील रट्गर्स विद्यापीठात शिकलेले पॉल रोबसन (१८९८–१९७६) हे अमेरिकन फुटबॉलचे नामवंत खेळाडू आणि पुढे जगप्रसिद्ध गायक व अभिनेते होते. खेळाडूने सार्वजनिक प्रश्नावर मत मांडल्यास होणाऱ्या शिक्षेत वर्णाचा वाटा किती, या चर्चेत त्यांचे उदाहरण विशेष महत्त्वाचे ठरते.

रोबसन यांचा जन्म ९ एप्रिल १८९८ रोजी न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथे झाला. त्यांचे वडील तरुणपणी गुलामगिरीतून निसटलेले धर्मोपदेशक होते. १९१५ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून रोबसन रट्गर्समध्ये दाखल झाले. सुरुवातीच्या सरावात संघातील गोऱ्या सहकाऱ्यांनीच त्यांना जखमी केले. १९१६ मध्ये व्हर्जिनियातील वॉशिंग्टन अँड ली संघाने कृष्णवर्णीयाविरुद्ध खेळण्यास नकार दिला, तेव्हा रट्गर्सने त्यांना त्या सामन्यातून वगळले. तरीही १९१७ आणि १९१८ या दोन्ही वर्षी देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंच्या 'ऑल अमेरिकन' यादीत त्यांचे नाव आले.

एप्रिल १९४९ मध्ये पॅरिस येथील शांतता परिषदेत रोबसन यांनी भाषण केले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय सोव्हिएत रशियाविरुद्ध लढणार नाहीत, अशा आशयाचे विधान त्यांच्या तोंडी घालणारे वृत्त अमेरिकेत प्रसिद्ध झाले. प्रत्यक्ष भाषण आणि हे वृत्त यांत तफावत असल्याचे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. परंतु तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातील पीकस्किल येथे त्यांच्या कार्यक्रमाच्या निमित्ताने दोनदा हिंसाचार झाला. सभागृहांची दारे बंद झाली आणि १९५० मध्ये परराष्ट्र खात्याने त्यांचे पारपत्र रद्द केले. त्यांच्यावर कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. त्या सुमारास निघालेल्या महाविद्यालयीन फुटबॉलच्या एका संदर्भग्रंथात १९१८ च्या 'ऑल अमेरिकन' संघात अकराऐवजी दहाच खेळाडू छापले गेले. गाळलेले नाव रोबसन यांचे होते.

त्या काळात डाव्या विचारांच्या अनेक गोऱ्या कलावंतांनाही झळ बसली. त्यामुळे हा प्रश्न निव्वळ वर्णाचा होता, असे म्हणता येत नाही. मात्र पारपत्राच्या खटल्यात सरकारी पक्षाने जो युक्तिवाद केला, तो बोलका आहे. कृष्णवर्णीयांना मिळणाऱ्या वागणुकीची परदेशात वाच्यता करणे हा घरातला मामला चव्हाट्यावर मांडण्यासारखा प्रकार आहे, असा त्याचा सूर होता. अन्याय कोणी केला, यापेक्षा तो कोणी आणि कोठे बोलून दाखवला, हाच जणू अपराध ठरला.

१९४९ मध्येच बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन यांना संसदीय समितीपुढे पाचारण करण्यात आले. त्यांनी रोबसन यांच्या नावावरील विधान खोडून काढले आणि त्याच साक्षीत वर्णभेदावरही कठोर टीका केली. पहिल्या भागाची वाहवा झाली. दुसरा बराचसा दुर्लक्षित राहिला. रॉबिन्सन यांनी १९७२ च्या आत्मचरित्रात या साक्षीविषयी वेगळी भूमिका घेतली आणि रोबसन यांच्याबद्दल आदर व्यक्त केला.

दुहेरी मापदंड ऑलिंपिकच्या इतिहासातही दिसतो. १९३६ च्या बर्लिन स्पर्धेत विजयमंचावरून दिलेल्या नाझी सलामीवर कारवाई झाली नाही. तेव्हा अमेरिकन ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष असलेले अ‍ॅव्हरी ब्रंडेज १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीच्या अध्यक्षपदी होते. मेक्सिको सिटीत टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय धावपटूंनी काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली, तेव्हा मात्र त्यांना स्पर्धेतून परत पाठवण्यात आले.

भारतात रोबसन यांच्याविषयी निराळी भावना होती. १९५८ मध्ये त्यांचा साठावा वाढदिवस साजरा करण्यास पंतप्रधान नेहरूंनी जाहीर पाठिंबा दिला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छगला या सोहळ्याच्या समितीचे अध्यक्ष होते. अमेरिकी अधिकाऱ्यांच्या नापसंतीनंतरही हा बेत रद्द झाला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केंट विरुद्ध डलेस खटल्यात, विचारसरणीच्या कारणावरून पारपत्र नाकारण्याचा अधिकार परराष्ट्र मंत्र्याला नाही, असा निर्णय दिला आणि रोबसन यांना पुन्हा परदेशप्रवास करता आला.

रोबसन यांचे २३ जानेवारी १९७६ रोजी फिलाडेल्फियात निधन झाले. महाविद्यालयीन फुटबॉलच्या कीर्तिदालनात त्यांना १९९५ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर १९ वर्षांनी, स्थान मिळाले. २०१९ मध्ये, त्यांच्या पदवीला शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा, रट्गर्सने न्यू ब्रन्सविक येथील एका चौकाला त्यांचे नाव दिले.