उंबरठ्यावरचा राक्षस

बंगळूरजवळील होसकोटे परिसरात नवे घर उभे राहू लागले, की त्यावर विक्राळ मुखवटा टांगण्याची चाल आहे. वटारलेले डोळे, झुपकेदार मिशा, बाहेर आलेले सुळे! कानडीत त्याला ‘दृष्टिगोंबे’, म्हणजे दृष्टीची बाहुली, म्हणतात. पाहणाऱ्याची नजर प्रथम या मुखवट्यावर पडावी आणि घर सुरक्षित राहावे, हा त्यामागील हेतू.

१६३८च्या सुमारास बंगळूरचा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला, होसकोटे त्यातलेच. त्या निमित्ताने तिकडे गेलेल्या मराठी माणसांना उग्र राखणदाराची कल्पना परकी नव्हती. महाराष्ट्रातील यादवकालीन शिवमंदिरांच्या उंबरठ्यावर कीर्तिमुख कोरलेले आढळते. मुखवटा आणि कीर्तिमुख एकच नव्हेत. परंतु त्यांचे काम एकच.

कीर्तिमुखाची कथा स्कंदपुराणात आहे. जालंधराचा दूत राहू पार्वतीची मागणी घेऊन आला, तेव्हा शिवाच्या भ्रूमध्यातून एक भुकेला गण प्रकटला. शरण आलेल्या राहूला अभय मिळाले. मग भुकेल्याने खावे काय? शिवाज्ञेने त्याने स्वतःचेच अंग खाल्ले. मुख तेवढे उरले. प्रसन्न झालेल्या शिवाने त्याला द्वाराची राखण दिली.

घराला दृष्ट लागते ती दुसऱ्याच्या हावेची, असा लोकसमज आहे. त्या हावेपुढे उभा असलेला हा पुरातन राखणदार आपली भूक गिळूनच त्या जागेचा अधिकारी झाला.