काडतुसातला कागद, दारूतलं औषध

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या शेजारी पितळ घासायला काढतात. बंगळुरात बनशंकरीच्या दुसऱ्या स्टेजला आम्ही राहतो. शेजारचे आजी-आजोबा मूळचे बेळगावचे. ओसरीवर जुनं वर्तमानपत्र पसरतात आणि त्यावर समया, घंटा, तांब्या, पंचपाळं असं सगळं ओळीने मांडतात. त्या ओळीच्या शेवटी हातभर उंचीचं, बुडाला जाड कड असलेलं एक नळकांडं असतं. आजोबा फौजेत होते. सरावात उडवलेल्या तोफगोळ्याचं हे रिकामं कवच सोबत्यांनी त्यांना निवृत्तीच्या वेळी फुलदाणी म्हणून दिलं. बुडावर ठोकलेले आकडे बोटाला अजून लागतात. तोंडाशी ज्वाळेने काळवंडलेला पट्टा आहे.

यंदा ते घासायला मी बसले. आजी म्हणाल्या, "आतून नीट घास गं, पार कळकलंय ते." आजोबा म्हणाले, "पुंगळी हळू धर, बूड जड आहे." शाळकरी नातवाने विचारलं, "आजोबा, एवढं मोठं काडतूस असतं?" कामाला येणाऱ्या अक्का चिंचेचा कोळ घेऊन आल्या आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "हित्ताळेगे हुणसे हण्णे सरी." पितळेला चिंचच बरी.

कळकणं, पुंगळी, काडतूस, हित्ताळे. हात चिंचेत बुडालेले होते आणि डोक्यात हे चार शब्द घोळायला लागले.

आधी अक्कांचा शब्द घेऊ. पितळ आणि हित्ताळे ही एकाच शब्दाची दोन रूपं आहेत. संस्कृतात 'पित्तल' आहे आणि त्यामागे पिवळेपणा सांगणारा 'पीत'. मराठीने 'प' तसाच ठेवला. कन्नडमध्ये मात्र जुन्या शब्दांच्या आरंभीचा 'प' मध्ययुगात 'ह' झाला. दुधाला जुन्या कन्नडमध्ये 'पालु' म्हणत, आज 'हालु' म्हणतात. फूल म्हणजे 'पूवु', ते 'हूवु' झालं. 'पण्' म्हणजे फळ, त्याचं 'हण्णु' झालं. गावाला 'पळ्ळि' म्हणत, त्याचं 'हळ्ळि' झालं, आणि आमच्या शेजारच्या कदिरेनहळ्ळीच्या पाटीवर तो बदल रोज वाचायला मिळतो. त्याच वाटेने पित्तळचं हित्ताळे झालं. तमिळमध्ये हा बदल घडला नाही, म्हणून तिथे अजून 'पित्तळै' आहे. अक्कांनी 'हित्ताळे' म्हटलं तेव्हा त्या माझाच शब्द त्यांच्या उच्चारात म्हणत होत्या. भांडी घासायच्या 'पितांबरी' पावडरच्या नावातही तोच 'पीत' आहे.

दोन्ही भाषांनी पितळेकडे जरा संशयानेच पाहिलं आहे. मराठीत सोन्याचा मुलामा उडाला की पितळ उघडं पडतं. कन्नडमध्ये ऐकीव गोष्टीवर चटकन विश्वास ठेवणाऱ्याचे कान पितळेचे, 'हित्ताळे किवी'. आपण त्याला हलक्या कानाचा म्हणतो.

नातवाचा शब्द याहून लांबचा प्रवास करून आला आहे. काडतूस पोर्तुगीजांकडून आलं. त्यांचा शब्द 'कार्तुशु'. तो इटालियन 'कार्तोच्चो'वरून, म्हणजे कागदाची गुंडाळी. त्याच्या मुळाशी 'कार्ता', म्हणजे कागद, आणि त्याहून मागे ग्रीक 'खार्तेस', म्हणजे पपायरसचं पान. आपण रोज म्हणतो ते कार्ड, चार्ट आणि कार्टून ही याच कुळातली भावंडं. फ्रेंचांनी याच शब्दाचं 'कार्तूश' केलं. नेपोलियनच्या सैनिकांनी इजिप्तमध्ये राजांच्या नावांभोवतीची लांबट चौकट पाहिली, ती त्यांना काडतुसासारखी दिसली, म्हणून ते त्या चौकटीलाही कार्तूश म्हणाले. छपाईयंत्रातल्या शाईची कार्ट्रिज हेही याच घरातलं अलीकडचं लेकरू.

हिंदीने 'कारतूस' म्हणून 'र' राखला. मराठीने त्याचा 'ड' केला आणि कन्नडमध्येही 'काडतूसु' असाच 'ड' आहे.

शब्दात कागद आहे, कारण वस्तूही कागदाचीच होती. मोजून घेतलेली दारू आणि एक गोळी कागदात गुंडाळायची, टोकं वळायची, झालं काडतूस. शिपाई कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायचा, गोळी सारायचा आणि गजाने ठासायचा. आपल्याकडची 'ठासणीची बंदूक' या ठासण्यावरूनच ओळखली जाते. 1857 साली एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांवरून जो भडका उडाला तो याच कागदाचा. दाताने फाडायच्या कागदाला गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे, ही बातमी छावण्यांतून पसरली. त्या वर्षीचं काडतूस पितळेचं असतं तर ते चावण्याचा प्रश्नच आला नसता.

पितळ आलं ते त्यानंतर दहाएक वर्षांत. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना 1869 साली उभा राहिला, तेव्हा कागदाची जागा पितळ घेतच होतं. काडतुसाच्या पितळेत साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असतं. या मिश्रणाची वाटी ठोकून, ओढून, मधे मधे तापवून तिची लांब नळी करता येते. बार उडाला की ही नळी क्षणभर फुगते आणि बंदुकीच्या घराला आतून घट्ट चिकटते, त्यामुळे ज्वाळा मागे येत नाही. लगेच ती आकसते आणि सहज बाहेर निघते. कागद जळून जायचा, पितळ उरतं. उरतं म्हणूनच ते पुन्हा भरता येतं. आणि पुन्हा भरायचं तर आधी घासावं लागतं, कारण चिकटलेली काजळी साच्याला ओरखडे पाडते आणि बारीक तडा काजळीखाली दिसत नाही.

उरलेल्या या नळीला मराठीने आपला शब्द दिला, तोच आजोबांचा शब्द. पुंगळी म्हणजे पोकळ नळी. पुंगीच्याच घरातला हा शब्द. गाजराची पुंगी वाजते ती आत पोकळ असते म्हणून. मराठी बातमीदारांनी या दोन शब्दांत चोख वाटणी केली आहे. भरलेलं असेल तर 'दोन जिवंत काडतुसे जप्त', आणि उडून गेलेलं असेल तर 'घटनास्थळी तीन पुंगळ्या सापडल्या'. 'जिवंत' हे विशेषण इंग्रजीवरून उचललेलं आहे, पण पुंगळी अस्सल आपली. इंग्रजीत भरलेल्या काडतुसाच्या आवरणाला आणि रिकाम्या आवरणाला एकच 'केस' पुरतो. आपल्याकडे बार उडाला की नाव बदलतं. या बाबतीत आपली भाषा अधिक नेमकी आहे, असं माझं मत आहे.

मैसूरच्या सैन्याने ज्या अग्निबाणांनी इंग्रजांना हैराण केलं, तेही एका अर्थी पुंगळ्याच. लोखंडी नळीत दारू ठासायची आणि ती नळी लांब बांबूला बांधायची. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर गावी 2018 साली एका पडक्या विहिरीत अशा हजाराहून अधिक नळ्या सापडल्या. मराठ्यांच्या कागदपत्रांत या अस्त्राला 'बाण' म्हणतात. दिवाळीत बाटलीत उभा करून आपण जो बाण उडवतो, त्याच्या नावात अठराव्या शतकातलं ते अस्त्र अजून आहे.

आता पुंगळीत काय भरायचं? दारू. एकच शब्द पिण्याच्या दारूला आणि उडवण्याच्या दारूला का, हे लहानपणी मला कोडं होतं. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. मराठीतही तो अर्थ 'दवादारू' या जोडशब्दात टिकून आहे; आजाऱ्याची दवादारू केली असं म्हणताना कुणाला प्याल्याची आठवण होत नाही. औषधाचं नाव स्फोटकाला का मिळालं, हे पाहायला बनशंकरीहून सोयीची जागा नाही. कन्नडमध्ये दारूगोळ्याला 'मद्दुगुंडु' म्हणतात. 'मद्दु' म्हणजे औषध, आणि 'गुंडु' म्हणजे गोळा. तमिळमध्ये 'वेडिमरुंदु', म्हणजे स्फोटाचं औषध. आणि जिथे ही भुकटी पहिल्यांदा तयार झाली त्या चीनमध्ये तिचं नाव 'ह्वोयाव', अग्नीचं औषध. तिथले किमयागार अमरत्वाचं औषध शोधताना गंधक आणि सोरा एकत्र करत होते. त्यांच्या हाती मृत्यूची भुकटी लागली, पण नाव औषधाचंच राहिलं आणि देशोदेशी भाषांतरित होत गेलं. दारूगोळा आणि मद्दुगुंडु हे शब्द शेजारी ठेवले की दोन्हींचा सांगाडा एकच दिसतो.

गंमत पुढे आहे. मराठीत औषधाचा शब्द मद्यालाही लागू झाला. कन्नडमध्ये 'मद्दु' तिकडे गेला नाही, पण बोलीत 'गुंडु' गेला. बंगळुरात कुणी 'गुंडु हाकोण' म्हणालं तर तो बसायला बोलावतो आहे असं समजावं. जोडशब्दातला पहिला भाग आपण प्यायला घेतला, त्यांनी दुसरा.

गोळी तर आपल्याकडे वैद्याची आणि शिपायाची एकच आहे. 'बंदूक' अरबीतून आली. तिथे 'बुंदुक' म्हणजे हेझलनट, कठीण कवचाचं लहानसं फळ. त्यावरून त्या आकाराची गोळी आणि गोळीवरून ती फेकणारं हत्यार. हे फळ काळ्या समुद्राकाठच्या पोंतस प्रांतातून येई, त्यावरून त्याला ग्रीकांनी दिलेलं नाव अरबांनी उचललं होतं. कागद, औषध, फळ, पोकळ नळी. माणसाने मारण्याच्या वस्तूंना नावं दिली ती सगळी घरातल्या, माजघरातल्या वस्तूंची. घरातल्या शब्दांनी त्या वस्तू सवयीच्या झाल्या, आणि जे सवयीचं होतं त्याची भीती कमी होते. शब्दांचा उगम शोधायचा तो एवढ्यासाठीही.

इकडे चिंचेने आपलं काम सुरू केलं होतं. काळपट थर म्हणजे मुख्यतः तांब्याचा ऑक्साइड. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तो विरघळवतं. बनशंकरी अम्माच्या देवळात राहुकाळात लिंबाच्या उलट्या केलेल्या सालीत दिवे लावतात. त्या लिंबातलं सायट्रिक आम्लही हेच करतं. परदेशात ज्यांना पुंगळ्या पुन्हा भरण्याची परवानगी आहे असे नेमबाज सायट्रिक आम्लाच्या पाण्यातच त्या धुतात, किंवा अक्रोडाच्या कवचाच्या भुग्यात तासन्‌तास घुसळतात. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे आपल्या घरांत आलेल्या पुंगळीच्या नशिबी फुलं असतात. ते चांगलंच आहे.

आंबटात पितळ फार वेळ बुडवून ठेवू नये, हे अक्कांना कुणी शिकवावं लागत नाही. त्यांनी मला दोनदा हटकलं. जास्त वेळ ठेवलं तर जस्त निघून जातं, वर तांबं उरतं, आणि पिवळं पितळ गुलाबी दिसायला लागतं. चिंच चोळायची, राखेने घासायचं, लगेच धुऊन कोरडं करायचं. 'कोरडं' महत्त्वाचं, आणि त्यामागे आपल्याच मातीतली एक गोष्ट आहे. ब्रिटिश सैन्य पावसाळ्यात दारूगोळा तबेल्यांत साठवून ठेवी. पाऊस सरल्यावर पाहावं तर पितळी काडतुसांना आपोआप तडे गेलेले. इंग्रजांनी याला 'सीझन क्रॅकिंग' म्हटलं, ऋतूचे तडे. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी 1921 साली कोडं उलगडलं. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसे, आणि ठोकून-ओढून नळी करताना तिच्यात राहिलेला ताण त्या जागी फुटून बाहेर येई. उपाय साधा निघाला. नळी हलकी तापवून तो ताण आधीच घालवायचा.

तो ऋतू आपला पावसाळा. त्याचं 'मॉन्सून' हे नावही काडतुसासारखं पोर्तुगीजांच्याच तोंडून जगभर गेलं. मूळ अरबी 'मौसिम', ज्यावरून आपला 'मोसम' आणि 'मोसमी वारे'.

शेवटी आजींचा शब्द, जो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. कळकणं. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक किंवा आमटी राहिली की तिला हिरवट, तुरट चव येते, ती कळकते. या क्रियापदामागे 'कलंक' सांगतात, म्हणजे डाग. कन्नडमध्ये भांड्यावरच्या त्या हिरव्या थराला 'किलुबु' म्हणतात. संस्कृतात जो डाग चंद्रावर आणि चारित्र्यावर पडतो, तो मराठी बायकांनी आमटीपर्यंत आणला आणि त्याचं रोजच्या कामाचं क्रियापद केलं. एका शब्दात धातू, आंबट, वेळ आणि बिघडलेली चव, सगळं आलं. याला पर्यायी शब्द मला सापडलेला नाही.

पण स्टीलमध्ये काही कळकत नाही. शेजारच्या नातवाने हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि बनशंकरीच नव्हे, पुण्या-नागपुरातल्या त्याच्या वयाच्या मुलांचंही तेच असणार. काडतूस टिकेल, त्याच्यामागे वर्तमानपत्रं आहेत. कळकण्यामागे फक्त आजी आहेत. तुमच्या घरी पितळ घासायला निघेल तेव्हा मुलांना शेजारी बसवा, हातात चिंच द्या, आणि आजी कोणते शब्द वापरतात ते वहीत उतरवून ठेवा.