कौटुंबिक हिंसा करणारे पिते : व्यावसायिक हस्तक्षेप

पत्नीवर, जोडीदारावर किंवा मुलांवर हिंसा करणाऱ्या पित्याबरोबर समुपदेशक, समाजकार्यकर्ते, बालसंरक्षण अधिकारी, पोलीस व न्यायालय यांनी समन्वयाने केलेले काम. आई व मुलांची सुरक्षितता हे त्याचे मुख्य उद्दिष्ट असून पित्याच्या वर्तनातील बदल हा त्यासाठीचा मार्ग होय. मारहाणीखेरीज धमक्या, पाळत, पैशांची अडवणूक आणि मुलांदेखत आईचा पाणउतारा यांचाही हिंसेत समावेश होतो.

पार्श्वभूमी : हिंसक पुरुषांसाठी गटकार्य प्रथम अमेरिकेत रुजले. बॉस्टनमध्ये १९७७ साली ‘इमर्ज’ ही संस्था सुरू झाली. मिनेसोटा राज्यातील ड्युलुथ शहरात १९८१ पासून एलन पेन्स, मायकेल पेमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलीस, न्यायालय आणि पुरुषांचे गट यांची एकत्र सांगड घातली. या कामात पुरुषाचा विचार प्रामुख्याने जोडीदार म्हणून होई. बालसंरक्षण यंत्रणा मात्र मुलांना का जपले नाही, असा जाब आईलाच विचारी आणि पित्याला भेटतही नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातल्या लंडन शहरात कॅटरीना स्कॉट व सहकाऱ्यांनी ‘केअरिंग डॅड्स’ हा १७ आठवड्यांचा गटकार्यक्रम विकसित केला. पुढे तो ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देशांत पोहोचला. डेव्हिड मँडेल यांची ‘सेफ अँड टुगेदर’ कार्यपद्धती मुलाला हिंसा न करणाऱ्या पालकाजवळ सुरक्षित ठेवण्यावर भर देते आणि हिंसा हा पित्याने पालक म्हणून घेतलेला निर्णय मानते.

कार्यपद्धती : आरंभी धोक्याचा अंदाज घेतला जातो. गळा दाबणे, शस्त्राचा धाक, विभक्त झाल्यावरचा पाठलाग या गंभीर खुणा होत. ‘केअरिंग डॅड्स’मध्ये आधी पित्याला सहभागासाठी तयार करतात, मग मुलाच्या गरजा ओळखणे, केलेल्या हिंसेची जबाबदारी घेणे आणि विश्वास पुन्हा मिळवण्यास वेळ लागतो हे स्वीकारणे, असा क्रम असतो. चांगला बाप होण्याची इच्छा हा बदलाचा धागा असला, तरी तिच्याआड हिंसा झाकू दिली जात नाही. आईशी स्वतंत्र संपर्क ठेवतात. तिने सांगितलेले पित्यापर्यंत पोहोचणार नाही, याची दक्षता घेतात.

मर्यादा : अनेक पुरुष कार्यक्रम अर्धवट सोडतात. परिणामांविषयीचे पुरावे संमिश्र आहेत. मुलांचा ताबा वा भेटीची परवानगी मिळवण्यासाठी हजेरीचा दाखला वापरला जाण्याचा धोका असतो. म्हणून उपस्थितीपेक्षा आई व मुलांचा अनुभव हा प्रगतीचा खरा निकष होय. केवळ राग आवरण्याचे प्रशिक्षण अपुरे ठरते, कारण हिंसेच्या मुळाशी बहुधा हुकमत असते. हिंसा चालू असताना पतिपत्नीचे एकत्र समुपदेशन तर धोक्याचे ठरू शकते.

भारत : कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ मधील कलम १४ अन्वये दंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. कलम २१ नुसार मुलांचा तात्पुरता ताबा आईला देता येतो आणि अपायकारक ठरणारी भेट नाकारता येते. २००६ च्या नियमांनुसार समुपदेशनात हिंसेचे समर्थन करण्यास प्रतिवादीला मुभा नाही. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये पोलीस यंत्रणेत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. १९९३ पासून ‘मावा’ ही संस्था पुरुषांमध्ये हिंसाविरोधी प्रबोधन करते. मात्र संसार टिकवण्याच्या आग्रहात हिंसेची जबाबदारी पुन्हा आईच्या पदरात टाकणारी तडजोड हा हस्तक्षेप नव्हे. मुलांसाठी घर टिकवायचे असेल, तर ते आधी निर्भय करावे लागते.