पंप विचारतच नाही, "कोण बोलतंय?"

आजच्या भागाची सुरुवात एका विहिरीपासून करूया.

नांदेड जिल्ह्यात आमच्या काकांच्या शेतात विहिरीवर मोटर आहे. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून काकांनी स्टार्टरला सिमकार्डवाला मोबाईल ऑटो बसवला. घरून फोन लावायचा, मोटर चालू. मागच्या दिवाळीत मी गंमत म्हणून माझ्या फोनवरून तो नंबर लावला. मोटर चालू! माझा नंबर त्यात कुठेच नोंदवलेला नव्हता. काका हसले, "बघ, तुझंही ऐकते." मला मात्र हसू आलं नाही.

कारण हीच गोष्ट मोठ्या यंत्रांचीही आहे.

१९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या कारखान्यांसाठी पीएलसी नावाचा छोटा, दणकट कॉम्प्युटर तयार झाला. काम साधं: सेन्सर वाचायचा आणि त्याप्रमाणे मोटर, पंप, व्हॉल्व्ह चालू-बंद करायचे. १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने या यंत्रांना आपसात बोलायला 'मॉडबस' ही भाषा दिली. त्यात ५ नंबरचा आदेश म्हणजे एक स्विच चालू किंवा बंद कर. पासवर्ड नाही, ओळख नाही. तेव्हा ते चालून गेलं, कारण वायर कारखान्याच्या भिंतीबाहेर जातच नव्हती. गेटवरचा वॉचमन हाच पासवर्ड.

मग १९९९ मध्ये मॉडबस नेटवर्कवरून चालायला लागलं. पुढे कुठे कुठे हीच यंत्रं थेट इंटरनेटला जोडली गेली. भिंत गेली, पण यंत्राची सवय तीच राहिली.

पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या मरूची भागात सांडपाण्याचे पंप अचानक बिघडायला लागले. आधी सगळ्यांना वाटलं, नवीन सिस्टीम आहे, काहीतरी बिघाड असेल. शेवटी कळलं, ती सिस्टीम बसवणाऱ्या कंपनीचा एक माजी कर्मचारी लॅपटॉप आणि रेडिओ घेऊन गाडीतून आदेश सोडत होता. सुमारे ८ लाख लिटर सांडपाणी ओढ्यांत आणि बागांत गेलं. पंपांनी सगळं निमूटपणे ऐकलं.

आता आपल्याकडे या. १२ ऑक्टोबर २०२०, सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल जागेवर थांबल्या. १ मार्च २०२१ ला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे सायबर घातपाताची शक्यता मांडली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, ही मानवी चूक होती. मला या वादातला राजकीय भाग नको. माझा मुद्दा वेगळा आहे: आदेश कुणी दिला, हे यंत्राने लिहूनच ठेवलं नाही, तर चूक आणि हल्ला वेगळे ओळखायचे कसे? मरूचीतही आधी बिघाडच वाटला होता ना!

यात आमच्या, म्हणजे प्रोग्रामरच्या, आळसाची भर पडते. अशा उपकरणांना आता वेबपेज असतं. त्यात एक चौकट: "आयपी ॲड्रेस टाका, कनेक्शन तपासतो." प्रोग्रामरने टाकलेला मजकूर जसाच्या तसा आतल्या लिनक्सला दिला, तर लबाड माणूस आयपीनंतर एक सेमीकोलन टाकतो आणि पुढे स्वतःचा आदेश लिहितो. उपकरण दोन्ही पाळतं. म्हणजे किराणा दुकानात चिठ्ठी पाठवली, "साखर १ किलो", वाटेत कुणीतरी खाली लिहिलं, "आणि गल्ला या माणसाकडे द्या", आणि दुकानदाराने दिला! याला कमांड इंजेक्शन म्हणतात.

तुम्ही म्हणाल, आमचं काय जातं? लातूरकरांना विचारा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिल्या गाडीतून १० टँकर आले, सुमारे ५ लाख लिटर. थेंब न् थेंब मोजलेल्या गावात एक व्हॉल्व्ह रात्रभर उघडा राहणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

उपाय फार अवघड नाहीत. उपकरण थेट इंटरनेटवर ठेवू नका. लांबून जायचंच असेल तर व्हीपीएनमधून जा. ऑफिसचं नेटवर्क वेगळं, पंपाचं वेगळं. कंपनीकडून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. अपडेट टाळू नका. प्रत्येक आदेशाची नोंद दुसऱ्या मशीनवर ठेवा. प्रोग्रामर मित्रांनो, आयपीच्या चौकटीत फक्त आयपीच घ्या, बाकी सगळं नाकारा. आणि हाताने व्हॉल्व्ह फिरवता येणारा माणूस कामावर ठेवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ॲलिक्विपा गावात पाण्याच्या एका बूस्टर स्टेशनचा पीएलसी हॅक झाला. कर्मचाऱ्यांनी हाताने पंप चालवले, म्हणून नळ सुरू राहिले.

हां, काकांचा ऑटो. मॅन्युअल वाचलं, तर नंबर नोंदवायची सोय आधीपासूनच होती, कुणी वापरलीच नव्हती. घरचे ३ नंबर टाकले. नंबरची नक्कल करता येते, त्यामुळे ही नुसती कडी आहे, कुलूप नाही. पण आधी दारच उघडं होतं.

तुमच्या शेतातल्या ऑटोला आज दुसऱ्या फोनवरून कॉल करून बघा. मोटर चालू झाली, तर मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!