गाठ साधी, धडा अवघड

कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवून बघा. तिथे पॅरोटिड ही आपली सर्वांत मोठी लाळग्रंथी आहे. तिच्या आतूनच चेहऱ्याची नस, म्हणजे फेशियल नर्व्ह, जाते. डोळा मिटणं, हसणं, ओठ हलवणं, सगळं तिच्या जिवावर. आजची गोष्ट या शेजाराची.

लाळग्रंथींच्या गाठींपैकी साधारण ८० टक्के पॅरोटिडमध्ये होतात आणि त्यांतल्या बहुतेक कर्करोगाच्या नसतात. सर्वांत जास्त आढळते ती प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा: हळूहळू वाढणारी, सहसा न दुखणारी.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्जन ही गाठ आवरण उघडून, शेंगेतला दाणा काढावा तशी काढत. नसेच्या वाटेलाच जायचं नाही! हेतू चांगलाच होता. साध्या गाठीपायी कुणाचा चेहरा वाकडा का करायचा? पण जुन्या अहवालांत २० ते ४५ टक्के रुग्णांमध्ये गाठ परत आलेली दिसते. अनेकदा कित्येक वर्षांनी, बारीक दाण्यांचा पुंजका होऊन. चूक इतक्या उशिरा कळत असेल, तर ती सुधारायलाही उशीर होणारच.

१९५८ मध्ये लंडनच्या पेटी आणि थॅकरे यांनी काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून लिहिलेला निबंध इथे महत्त्वाचा. डोळ्यांना सलग दिसणारं आवरण काही ठिकाणी अपुरं असतं आणि गाठीचे बारीक कोंब त्यातून बाहेर आलेले असतात. म्हणजे गाठ बऱ्याचदा ‘परत’ येत नव्हती. ती पूर्ण गेलेलीच नव्हती.

मग पद्धत उलटी झाली. आधी नस शोधायची, ती जपत तिच्यावरचा ग्रंथीचा भाग गाठीसकट काढायचा. गाठ परत येण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आलं. किंमत होतीच: काहींना चेहऱ्याचा तात्पुरता अशक्तपणा, काहींना जेवताना गालावर घाम. म्हणून आता निवडक लहान गाठी भोवतीच्या निरोगी ऊतीच्या पातळ थरासह काढतात. आवरण मात्र फोडत नाहीत.

मला यातली विसंगती विसरता येत नाही. परतलेल्या गाठीची शस्त्रक्रिया जुन्या व्रणातून करावी लागते आणि तिथे नसेला धोका जास्त. जिला हात लावायचा नाही म्हणून एवढी काळजी घेतली, तीच शेवटी धोक्यात आली.

तेव्हा कानाखाली गाठ लागली तर घाबरू नका, पण ‘दुखत नाही ना’ म्हणून सोडूनही देऊ नका. वर्षानुवर्षं राहिलेल्या काही गाठी कर्करोगात बदलतात. डॉक्टरांना दाखवा.