कोडलेखन साहाय्यकांचे मूल्यमापन

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित कोडलेखन साहाय्यक म्हणजे प्रोग्रामरला कोडच्या ओळी सुचवणारी, चुका शोधणारी किंवा सांगितलेले काम स्वतः पार पाडणारी संगणकीय साधने होत. असे साधन सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या चमूला कितपत उपयोगी पडते, हे ठरवण्याच्या पद्धतींचा विचार या लेखात केला आहे. गिटहब कोपायलट हे साधन जून २०२१ मध्ये चाचणीसाठी आणि जून २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले; तेव्हापासून या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आले.

प्रश्नसंच

ओपनएआयने २०२१ मध्ये ह्यूमनइव्हल हा पायथन भाषेतील १६४ प्रश्नांचा संच प्रसिद्ध केला. उत्तर बरोबर की चूक हे कोड प्रत्यक्ष चालवून ठरते. कोडेक्स या मॉडेलने त्यातील २८.८ टक्के प्रश्न पहिल्या प्रयत्नात सोडवले. मात्र हे प्रश्न छोटे व सुटे आहेत, तर नोकरीतील काम सहसा दुसऱ्याने लिहिलेल्या हजारो ओळींत हात घालण्याचे असते. ही उणीव भरून काढण्यासाठी २०२३ मध्ये एसडब्ल्यूई-बेंच हा संच आला. त्यात १२ मुक्तस्रोत प्रकल्पांतील २,२९४ खऱ्या तक्रारी आहेत. आरंभीच्या चाचणीत सर्वोत्तम ठरलेल्या क्लॉड २ या मॉडेलला त्यांपैकी केवळ १.९६ टक्के सोडवता आल्या. पुढे हे आकडे झपाट्याने वाढले. परंतु प्रश्न जाहीर असल्यामुळे ते मॉडेलच्या प्रशिक्षणातच आले असण्याची शंका राहते. फुटलेल्या प्रश्नपत्रिकेवरील गुणांसारखीच ही अडचण आहे.

प्रत्यक्ष कामावरील प्रयोग

गिटहबच्या एका प्रयोगात ९५ प्रोग्रामरना जावास्क्रिप्टमध्ये एचटीटीपी सर्व्हर लिहिण्यास सांगितले गेले. कोपायलट वापरणाऱ्यांनी ते काम सुमारे ५५ टक्के कमी वेळात पूर्ण केले. काम नव्याने सुरू करायचे होते आणि प्रयोग साधनाच्या निर्मात्यांचा होता, या दोन्ही गोष्टी येथे ध्यानात घ्याव्या लागतात.

मेटर या संस्थेचा २०२५ मधील प्रयोग याहून बोलका आहे. त्यात १६ अनुभवी प्रोग्रामरनी आपल्या परिचयाच्या प्रकल्पांतील २४६ कामे केली. कोणत्या कामात साहाय्यक वापरायचा, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले गेले. आपला वेळ २४ टक्के वाचेल असा त्यांचा आधीचा अंदाज होता. प्रत्यक्षात १९ टक्के अधिक वेळ लागला. तरीही काम संपल्यावर आपला सुमारे २० टक्के वेळ वाचला, असेच त्यांना वाटत होते. यामुळे केवळ वापरणाऱ्यांचे मत विचारून साधन खरेदी करण्याची प्रचलित रीत संशयास्पद ठरते. अर्थात प्रयोगातील माणसे थोडी होती आणि साधने त्या वेळची होती.

सुरक्षा

वेग मोजणे सोपे असल्याने सुरक्षेकडे दुर्लक्ष होते. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक असे प्रसंग मुद्दाम निवडून कोपायलटकडून १,६८९ प्रोग्राम लिहून घेतले. त्यांपैकी सुमारे ४० टक्के असुरक्षित निघाले. असा कोड बहुधा चालतो आणि नेहमीच्या चाचण्यांतूनही सुटतो, त्यामुळे दोष शोधण्याचा भार तपासणाऱ्या सहकाऱ्यावर पडतो. त्याचा वेळ न मोजता काढलेली बचत अपुरी होय.