हंगाम संपल्यावरचे सामने

शनिवारी पहाटे पाच वाजता भाचीनं दार वाजवलं. "मामू, उठा. माणसं कमी पडतायत."

2022 च्या ऑक्टोबरमध्ये मी मिशिगनला बहिणीकडे राहायला गेलो होतो. तासाभरात मी भाचीच्या हायस्कूलच्या जिममध्ये उभा होतो. डोळ्यांवर प्लॅस्टिकचा चष्मा, अंगावर स्वयंसेवकाचा टीशर्ट. माझं काम एवढंच, की सामना संपला की मैदानात शिरायचं, पसरलेले लाल-निळे चेंडू गोळा करायचे, ठरल्या जागी मांडायचे आणि बाहेर यायचं. पन्नाशीतल्या, इंजिनीअर नसलेल्या माणसाला झेपेल असं तेवढंच काम तिथं उरलं होतं.

हे रोबोटांचे सामने होते. 24 शाळांचे संघ पन्नास-साठ किलोची आपापली यंत्रं घेऊन आले होते. पण त्या वर्षीचा अधिकृत हंगाम एप्रिलमध्येच संपला होता. इथं जिंकून कुणी पुढच्या फेरीत जाणार नव्हतं. तिकडे याला 'ऑफ-सीझन' म्हणतात. जिंकून काही मिळायचं नाही, तर ही पोरं पहाटेपासून राबतात कशासाठी, हा माझा पहिला प्रश्न होता. त्याचं उत्तर या स्पर्धेच्या इतिहासात आहे.

डीन केमन या अमेरिकन संशोधकानं 1989 मध्ये 'फर्स्ट' ही संस्था काढली. आपल्या देशातली मुलं खेळाडू आणि सिनेनटांना डोक्यावर घेतात, शास्त्रज्ञांना का नाही, ही त्याची तक्रार होती. त्याला साथ मिळाली एमआयटीच्या वुडी फ्लॉवर्स या प्राध्यापकाची. फ्लॉवर्स आपल्या विद्यार्थ्यांना सुट्या भागांची सारखीच पेटी द्यायचे आणि त्यातून यंत्र बनवून एकमेकांशी झुंजायला लावायचे. तीच कल्पना शाळेत आली. 1992 मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर शहरात, एका हायस्कूलच्या जिममध्ये, 28 संघांची पहिली स्पर्धा झाली. 1999 पासून संघ एकेकटे न खेळता जोडीनं खेळू लागले आणि 2005 पासून तिघा-तिघांची युती झाली. सकाळी जो संघ तुमच्याविरुद्ध, तोच दुपारी तुमच्या बाजूनं. त्यामुळे शेजाऱ्याचा रोबोट बिघडला तर आपला स्क्रूड्रायव्हर द्यावाच लागतो.

पण या रचनेत एक जाच होता. जानेवारीत नवा खेळ जाहीर व्हायचा आणि यंत्र बनवायला सहा आठवडे मिळायचे. मग रोबोट खोक्यात भरून रवाना करायचा. पुढे खोकं गेलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सील लावायची पद्धत आली. ही सील 2020 च्या हंगामापासून उठली. सामना अडीच मिनिटांचा. एका फेरीत संघाला दहाएक सामने मिळाले, तर खेळायची वेळ झाली पंचवीस मिनिटं. त्यासाठी नोंदणीचेच पाच-सहा हजार डॉलर. आणि चाळीस मुलांच्या संघात रोबोट हाकणारे हात दोघांचेच. बाकीच्यांनी बाकावरून ओरडायचं. वसंत सरला की यंत्र वर्कशॉपच्या कोपऱ्यात धूळ खात पडायचं.

म्हणून संघांनी स्वतःच सामने भरवायला सुरुवात केली. इंडियानापोलिसमध्ये जुलैत निवडक संघांना बोलावून 'इंडियाना रोबॉटिक्स इन्व्हिटेशनल' होऊ लागली. मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टर पॉलिटेक्निकच्या आवारात 'बॅटलक्राय' सुरू झाली. 2014 मध्ये कॅलिफोर्नियातल्या 'चीझी पूफ्स' या नावाजलेल्या संघानं सॅन होजेत 'चीझी चॅम्प्स' भरवली. मैदान चालवायला, म्हणजे सहाही रोबोट एकाच क्षणी चालू-बंद करायला, वेळ मोजायला आणि गुण दाखवायला संगणकाची एक प्रणाली लागते. या संघाच्या लोकांनी ती स्वतः लिहिली, तिचं नाव 'चीझी अरीना' ठेवलं आणि सगळ्यांना फुकट खुली केली. मग आपल्या गावात सामने भरवायला कुणाचीही आडकाठी राहिली नाही. अधिकृत मैदान उसनं मिळालं तर उत्तम, नाहीतर संस्थेनंच जाहीर केलेले नकाशे बघून प्लायवूडचं बनवायचं.

मुलांना जास्त खेळायला मिळालं पाहिजे ही मागणी मूळ संस्थेलाही पटली. 2009 मध्ये याच मिशिगनमध्ये जिल्हावार पद्धत सुरू झाली आणि कमी खर्चात जास्त सामने मिळू लागले. तरी ऑफ-सीझन टिकलं. त्याचं मोल 2020 मध्ये कळलं.

त्या वर्षी भाची नववीत होती. दोन महिने रोज रात्री नऊपर्यंत शाळेत थांबून त्यांनी रोबोट बनवला. त्यांची पहिली फेरी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात होती. सामान भरून झालं आणि 12 मार्चला करोनामुळे सगळा हंगाम थांबवल्याची घोषणा झाली. पुढच्या वर्षीही प्रत्यक्ष सामने नव्हते, घरबसल्या आव्हानं होती. तो रोबोट पहिल्यांदा पूर्ण मैदानावर उतरला 2021 च्या शरद ऋतूत, एका ऑफ-सीझन स्पर्धेत. तेव्हा तो बनवणारी बारावीची मुलं शाळा सोडून गेली होती. त्यांतले दोघं कॉलेजातून गाडी चालवत बघायला आले आणि कठड्याला टेकून उभे राहिले. "त्यांच्या हातात एकदाही कंट्रोल आला नाही, मामू," भाचीनं मला सांगितलं होतं.

आता ती बारावीत होती, आणि या दिवसाचं वेळापत्रक तिच्याकडे होतं. तिनं मला हिशेब समजावला. 24 संघ, प्रत्येकाला 8 सामने, एका सामन्यात 6 रोबोट. म्हणजे 32 सामने. दर 8 मिनिटांनी एक धरला तर सव्वाचार तास. आणि 24 च संघ का? बाद फेरीत तिघांच्या आठ युती होतात, त्यात 24 संघ बरोबर बसतात. दुपारी कुणालाच घरी जावं लागत नाही.

तिनं आणखी एक नियम घातला होता. आठपैकी दोन सामन्यांत प्रत्येक संघानं आजवर कधीच रोबोट न हाकलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती कंट्रोल द्यायचा.

सकाळी दहाच्या सुमारास वायरलेस बंद पडलं. सहाही रोबोट मैदानात ठोकळ्यासारखे उभे. केबल बदल, राउटर बंद-चालू कर, यात 40 मिनिटं गेली, म्हणजे पाच सामन्यांची वेळ. एका संघाचे प्रशिक्षक वेळापत्रकाच्या टेबलाशी आले. म्हणाले, तो नवशिक्यांचा नियम रद्द करा. त्यात वेळ जातो आणि आमची क्रमवारीही घसरते. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. त्यांची मुलं तीन तास प्रवास करून आली होती आणि जिंकायला आली होती. आजूबाजूच्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

भाची घाबरली होती. तिची बोटं कागदावर थरथरताना मला दिसत होती. तिनं कॅल्क्युलेटर घेतला, जेवणाची सुट्टी 45 वरून 25 मिनिटांवर आणली आणि दोन सामन्यांमधलं अंतर 8 वरून 7 मिनिटं केलं. मग शांतपणे म्हणाली, "वेळ भरून निघेल, सर. नियम राहील." आणि माझ्याकडे वळून, "मामू, चेंडू जरा पळत गोळा करावे लागतील."

मी पळालो. दुपारी एका संघाची नववीतली मुलगी पहिल्यांदाच हाकायला उभी राहिली. तिचा रोबोट कोपऱ्यात अडकला आणि अर्धा सामना तिथंच राहिला. तिची युती हरली. दुसऱ्या खेपेला तिनं रोबोट कोपऱ्यातून सोडवला आणि एक चेंडू टोपल्यात टाकला. तेव्हाही ती हरलीच. पण तक्रार करणारे तेच प्रशिक्षक तिच्या मागे उभे राहून "डावीकडे, डावीकडे!" असं ओरडत होते.

मला आमच्या गावची तालीम आठवली. जत्रांचा हंगाम संपला आणि पाऊस लागला, की इनामाच्या कुस्त्या बंद. त्या दिवसांत वस्ताद लहान पोरांना तांबड्या मातीत सोडायचे आणि मोठे पैलवान मुद्दाम त्यांच्याखाली यायचे. पुढच्या जत्रेचा पैलवान त्या चिखलाच्या दिवसांत घडायचा.

आणि आमच्या मोहल्ल्यातली शाळाही आठवली. तिथं एकच संगणक होता. तपासणीला साहेब आले की हुशार पोराला त्याच्यासमोर बसवायचे, बाकी पंचावन्न जण मागे उभे. वर्षभर आम्ही त्याची पाठ बघितली. मुलींना तर तेवढंही नव्हतं, त्या दारात उभ्या. आमच्यात काही कमी होतं असं मला वाटत नाही. आमची पाळी आली नाही, एवढंच.

आपल्याकडेही विज्ञान प्रदर्शनं होतात. मुंबईचा 'आर फॅक्टर' संघ तर याच स्पर्धेत उतरतो, त्यासाठी परदेशात जातो. पण बक्षीस समारंभ झाला की आपण खुर्च्या उचलतो आणि मॉडेल कपाटात ठेवून कुलूप लावतो. जे शिक्षक, जी मंडळं असे कार्यक्रम घेतात, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. बक्षीस वाटून झाल्यावर आणखी एक दिवस ठेवा. परीक्षक नकोत, हारतुरे नकोत. कपाट उघडा आणि ज्यांनी आजवर फक्त टाळ्या वाजवल्या त्यांना पुढे बोलवा.

त्या रात्री मैदान मोडून ट्रकमध्ये भरेपर्यंत नऊ वाजले. गाडीत बसल्या बसल्या भाची झोपली. कोण जिंकलं ते मी तिला विचारलंच नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.